राखाडी गोळा

ढाणकीच्या बसस्टॉपसमोर माह्यं ऑनलाइनचं दुकान हाये. सातबारा काढून देणं, फॉर्म भरणं, झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळं करतो. दुकानाबाहेर एक बाकडं हाये. त्या बाकड्यावर धरमसिंग नायक रोज सकाळी येऊन बसत जाये.

धरमसिंग म्हणजे जवळच्या बंजारा तांड्याचा नायक, तिथला मुख्य माणूस. मिशा पांढऱ्या, पटका लाल, अन् हसणं असं का चहावाल्याची कपबशी हालली पाहिजे. मले त्याच्या कामातून काही मोठं मिळत नव्हतं. पण मी जनमाचा खोड्या काढणारा माणूस. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, खोड्या गेल्या नाई. अन् खोड्या काढणाऱ्याले हसणारा लागते. नायकासारखा हसणारा साऱ्या उमरखेड तालुक्यात नाई. मी कोणाच्या चपला बदलवू, कोणाच्या गाडीच्या आरशाले लिंबू-मिरची बांधू, अन् नायक बाकड्यावर पोट धरून बसे.

असा माणूस एक दिवस रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला अन् तिथंच बसाले लागला.

समोरचं दुकान उज्ज्वलाचं. तांड्यात बोकडं पाळणाऱ्या जीवनची बायको, तीबी तांड्यातलीच, पुसदले शिकली. तिनं दुकान टाकलं तवा मी हासलो होतो. म्हटलं, दोन महिन्यात शटर खाली. पण त्या बाईनं काय केलं पाहा. एक मोठा स्क्रीन उलटा फिरवून गिऱ्हाइकाकडं लावला. तिले दिसते ते समोरच्यालेबी दिसते. अन् ब्राउझरच्या वरच्या पट्टीत रोजच्या कामाच्या साइटी बुकमार्क करून ठेवल्या. इथपर्यंत मीबी करतो. पण तिनं त्या बुकमार्कायचे नावंच पुसून टाकले! नुसते चित्रं ठेवले. साइटच्या नावाच्या बाजूले एक इटुकलं चित्र असते न, हरभऱ्याच्या दाण्याएवढं, तेवढंच. मंग पट्टीत एकाले लागून एक बसले. पीकविम्याची छत्री, बाजारभावाचा तराजू, हवामानाचा ढग, लाइटबिलाचा बल्ब, बसची लाल गाडी.

झालं! ज्यायले वाचता येत नाई तेबी स्क्रीनवर बोट ठेवून सांगाले लागले. "बाई, मले छत्रीत टाक." "बाई, ढग पाय बरं, उद्या फवारणी करू का?"

नायक तर येडाच झाला. माह्या दुकानात तो इचारे, "नान्या, सोयाबीनचा भाव काय हाये?" अन् मी वाचून दाखवो. आता मजाक म्हणून मी कधी भाव वाढवूनबी सांगो. एकदा तो तांडाभर सांगत फिरला, दोन माणसं मंडीत जाऊन भांडले, अन् मंग सगळे त्याले हासले. नायकबी हासला. दुसऱ्या दिवशी मात्र तो समोरच्या स्टुलावर बसला होता, अन् बोटानं तराजू दाखवून राह्यला होता.

माह्या पोटात जी आग पडली बाप्पा, ती इझेच ना. गिऱ्हाईक गेलं त्याचं काही वाटलं नाई. पण समोरून नायकाचा हासण्याचा आवाज आला का माह्या हातून झेरॉक्स वाकडी निघे. इतकं काय बोलते ती? माह्याहून हुशार मजाक करते का? मी कान टवकारून बसो. ऐकू काय येत होतं? "नायक, आज ढगातून पाणी पडून राह्यलं." अन् हा माणूस हो हो करून हासे. याच्यात हासण्यासारखं काय हाये, मले कोणी सांगन का?

वर बाया माह्याच दुकानात येऊन इचारत, "भाऊ, तुमच्याकडं छत्री हाये का?"

"छत्री जनरल स्टोअरमध्ये भेटते," मी म्हणो.

"तशी नाई हो. इम्याची." अन् चालल्या रस्ता ओलांडून. फुलसावंगीहून माहेरी आलेल्या पोरीबी, ज्यायचं सासरचं गाव धड मोठं, त्याबी इथं येऊन उज्ज्वलाच्या दुकानात चित्रं पाहात बसत.

माही बायको वच्छलाबाई दुपारी डबा घेऊन येते. ती एक दिवस म्हणे, "मान वाकडी होईन तुमची तिकडं पाहून पाहून. मी माहेरी जातो तवा तर तुम्ही बसकडंबी पाहात नाई."

"मी ट्राफिक पाहून राह्यलो."

"हो न. ट्राफिकनं लाल पटका बांधला हाये."

मले एकाच गोष्टीचं समाधान होतं. मी मागच्या वर्षी व्हिडिओ पाहून पाहून माह्या दुकानाचं एक फुकटचं पान इंटरनेटवर बनवलतं. त्याच्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर अन् 'लॅमिनेशन करून मिळेल'. मधामधात लोकायचे फोन येत, "तुमचं लॅमिनेशन चालू हाये का?" मी वच्छलाले सांगो, "पाय, माह्यं पान चालून राह्यलं. उज्ज्वलाचं हाये का असं पान?" ती म्हणे, "तिले गरज काय?" अशी बायको.

मंग मीबी ठरवलं. चित्रंच पाहिजे न लोकायले? घ्या चित्रं. जुन्या कम्प्युटरातले बुकमार्क काढून नव्यात टाकले अन् उज्ज्वलासारखे त्यायचे नावं पुसले. पाहातो तर सगळ्यायच्या जागी एकच राखाडी गोळा. पृथ्वीचा असतो तसा, आडव्याउभ्या रेघा मारलेला. छत्री नाई, तराजू नाई. पट्टीभर नुसते गोळे.

मी व्हिडिओ लावला. तिथला पोरगा सांगे, ब्राउझरच्या फोल्डरात एक फाइल असते, हे सगळे चित्रं तिच्यातच साठवलेले रायतात. कधी चित्र चुकीचं दिसलं का ब्राउझर बंद करा, ती फाइल उडवा, परत चालू करा. मी उडवली. तर मधात दोनचार चित्रं आपोआप आले होते तेबी गेले! पुढं पाहिलं तवा समजलं का फाइल नवी बनते, पण कोरी. साइट एकदा उघडली का तिचं चित्र तिच्यात येऊन बसते. न उघडलेल्या साइटीचं चित्र ब्राउझरले ठाऊकच नसते, म्हणून तो गोळा ठेवून देते.

मी गोळ्यायकडं पाहात बसलो होतो, तेवढ्यात नायक रस्त्यानं चालला. आत डोकावला. स्क्रीनकडं पाहिलं, मंग माह्या टकलाकडं पाहिलं, अन् मिशीतल्या मिशीत हासला.

"काहून हासला बे?" मी इचारलं.

"काही नाई. पट्टी चांगली भरली तुही," म्हणे, अन् गेला तिकडंच.

माह्या साऱ्या आंगाची लाही झाली. अन् त्याच वेळी डोक्यात उजेड पडला. माह्याकडचे गोळे झाले ते गेले चुलीत. उज्ज्वलाकडं झाले तर? तिनं तर नावंबी पुसले हायेत! छत्री कोणती अन् तराजू कोणता, तिच्या गिऱ्हाइकाले बाप जनमात समजाचं नाई. नायक स्क्रीनवर बोट ठेवन अन् बोटाखाली काय येईन? गोळा! मंग येईन का नाई लेकाचा बाकड्यावर?

संधी आपल्या पायानं चालून आली. दुसऱ्याच दिवशी उज्ज्वला दारात उभी. "नाना, जरा दुकानाकडं लक्ष द्याल काय? माह्या खुशीच्या शाळेतून फोन आला, पोट दुखते म्हणे. तिले घरी सोडतो अन् येतो."

"जाय बाई, जाय," मी म्हटलं. "लेकरू पयले."

अन् मी नुसतं लक्ष दिलं नाई, चांगलं खुर्चीवर बसून लक्ष दिलं. पट्टी काय सजवली होती तिनं! एकेक चित्र दाण्यासारखं चमकून राह्यलं होतं. फक्त शेवटी, अगदी कोपऱ्यात, एक राखाडी गोळा आधीपासूनच होता. म्हटलं, हिचंबी सारं काही जागेवर नाई तर! लय गोड वाटलं. ब्राउझर बंद केला, फाइल उडवली, परत चालू केला. छत्री गेली, तराजू गेला, ढग, बल्ब, लाल गाडी, सगळे गेले. गोळे, गोळे, गोळे. मी खुर्ची पुसून, होती तशी ठेवून माह्या दुकानात येऊन बसलो अन् एक कट चहा सांगितला.

उज्ज्वला वापस आली. तोपर्यंत स्टुलावर बिजलीबाई येऊन बसली होती. ही तांड्यातली म्हातारी, हातभर बांगड्या, आवाज भोंग्यासारखा. "बाई, माह्या बल्बाचं पाय, बिल किती आलं," म्हणत तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं अन् तिथंच थांबली. "अवं, बल्ब कुठं गेला?"

उज्ज्वलानं स्क्रीनकडं पाहिलं. तिचं तोंड जे उतरलं न, ते मी रस्त्याच्या अलीकडून पाहिलं. चहा काय गोड लागला मले! मागं चार माणसं गोळा झाले. कोणी म्हणे व्हायरस आला, कोणी म्हणे नेट गेलं. माह्याच्यानं बसवलं नाई. मी तोंड लांब करून रस्ता ओलांडला.

"काय झालं वं बाई? काही मदत पाहिजे काय?"

"पाहा न नाना, सगळे चित्रं गेले. नावं तर मीच काढून टाकलेले."

"अरेरे," मी म्हटलं. "नावं ठेवाले पाहिजे होते. मी तर पयलेपासून म्हणून राह्यलो." मी कधीच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूले करत नायक आला. त्याचं स्टूल बिजलीबाईनं घेतलं होतं, म्हणून तो उभ्यानंच वाकला अन् स्क्रीन पाहाले लागला. मी त्याच्याकडं पाहात होतो. आता याचं तोंड पडन, आता हा म्हणन, चाल नान्या, तुह्याकडंच बरं होतं.

नायकानं पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. अन् मांडीवर हात मारून असा ठो ठो हासला का पानठेल्यावरचे लोकं वळले.

"अरे देवा! सगळीकडं नानाच नाना!"

अन् सगळी गर्दी हासाले लागली. बिजलीबाई तर बांगड्या वाजवून हासे. "सगळे नाना! बापा, एक नाना सहन होत नाई अन् हे पट्टीभर!"

मले काहीच समजेना. "मी काय केलं बावा?" म्हणून मी घाबरून दोन पावलं मागं सरकलो.

"तुम्ही नाई हो," उज्ज्वला हासत हासत म्हणे. "शेवटचा गोळा म्हणजे तुमच्या दुकानाचं पान. त्याले तुम्ही चित्रच नाई टाकलं, म्हणून गोळा दिसते. माह्याकडं लॅमिनेशनची मशीन नाई न. कोणी आलं का मी गोळा दाबतो, तुमचा नंबर देतो अन् म्हणतो लावा फोन."

"अन् नाव 'नाना' मी ठेवलं," नायक म्हणे. "गोल, राखाडी, अन् वर एक केस नाई. तांड्यात सगळ्यायले ठाऊक हाये. लॅमिनेशन पाहिजे तर नाना दाब."

म्हणजे ते फोन माह्या पानाच्या कमालीनं येत नव्हते! ते उज्ज्वला पाठवत होती. मले वाटलं का तिथंच झेरॉक्सच्या मशीनखाली शिरावं.

पण उज्ज्वलाचं काय झालं, तिचं उतरलेलं तोंड त्या हासण्यानं परत जागेवर आलं. ती म्हणे, "माऊस वर नेला का मले पत्ता दिसते, पण मी नाई सांगत. तुम्हीच सांगा. कोणता कोणता होता?"

झालं, जत्रा सुरू झाली. बिजलीबाई म्हणे, "बल्ब छत्रीच्या बाजूले." कोणी म्हणे, "छत्री पयली." उज्ज्वलानं पयला दाबला, साइट उघडली, अन् पट्टीतल्या गोळ्याची जागा छत्रीनं घेतली. सगळ्यायनं टाळ्या पिटल्या! "आली! छत्री आली!" मंग तराजू आला, मंग ढग. जो तो आपापलं चित्र ओळखे अन् ते आलं का जसं हरवलेलं वासरू सापडलं तसा ओरडे. बसमधून उतरलेले लोकं पिशव्या घेऊन तिथंच थांबले. माह्या जिंदगीत माह्या कोणत्याच खोडीवर इतके लोकं हासले नव्हते. अन् ही माही खोडी होती! माही स्वतःची! अन् हासणं सगळं त्या बाईच्या दुकानात जमा होऊन राह्यलं होतं. मी बोलूबी शकत नव्हतो का बावा हो, हे मी केलं.

सगळे चित्रं आले. शेवटचा एक गोळा राह्यला. उज्ज्वलानं तोबी दाबला. माह्यं पान उघडलं, माह्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात दिसलं, अन् पट्टीत गोळा गोळाच राह्यला.

"नाना जसाचा तसा," बिजलीबाई म्हणे.

नायक मात्र या वेळी हासला नाई. त्यानं वळून माह्याकडं पाहिलं. मिशी एका बाजूनं वर गेली. "चाल नान्या," तो म्हणे, "चहा पाज."

अन् किती दिवसायनंतर नायक रस्ता ओलांडून माह्या बाकड्यावर येऊन बसला. मी हातानं धूळ झटकली.

"कसं केलं बे?" त्यानं आवाज बारीक करून इचारलं.

"काय कसं केलं?"

"अबे, कालच तुह्या कम्प्युटरात पट्टीभर नाना पाहिले मी. म्हणूनच हासलो होतो. अन् आज तिच्या कम्प्युटरात तेच. अन् मधात दुकानाकडं लक्ष कोण देत होतं? जीवनचं बोकड?"

मी सांगून टाकलं. फोल्डर, फाइल, ती कोरी कशी होते, साइट उघडली का चित्र कसं परत येते. नायक मान हालवत ऐके. अन् फाइल उडवली तिथं आलो तवा तो हासला. तेच हासणं, कपबशी हालवणारं. माह्या बाकड्यावर!

"चांगली होती," म्हणे. "माह्यावर नव्हती म्हणून चांगली होती."

मी चहावाल्याले दोन बोटं दाखवले.

"नान्या, तू मले वाचून दाखवत होता तवा भाव तुह्या तोंडातून निघे. तिथं मी माह्या डोयानं तराजू पायतो अन् माह्या बोटानं सांगतो. आकडे तर मले येतेच. इतकीच गोष्ट हाये. ती बाई तुह्याहून चांगली मजाक करते असं काही नाई. ढगावर काय मजाक करन ती?"

"मंग हासत काहून होता इतका?" माह्या तोंडातून निघूनच गेलं.

"तू मान वाकडी करून पाहात होता म्हणून. मी थोडा जास्त हासो."

लेकाचा! दोन महिने मले असा शेकला अन् मले पत्ता नाई!

"आता उज्ज्वलाले सांगशीन काय?" मी इचारलं.

"नाई सांगत, पण एक अट हाये. तुह्या पानाले चित्र टाक. साऱ्या पट्टीत तूच बिनतोंडाचा हायेस, मले बरं वाटत नाई. तुह्यं पान पट्टीत लावाले मीच सांगितलं होतं तिले. म्हटलं, नान्याले वाईट वाटत असन."

"कोणतं चित्र टाकू?" मी इचारलं.

"बिब्बा," तो म्हणे. "दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणाऱ्याचं दुकान हाये हे."

त्याच दिवशी मी जंगलातून आणलेल्या एका बिब्ब्याचा फोटो काढला. एवढ्याशा जागेत बिब्बा म्हणजे नुसता काळा ठिपका दिसे. नायकानं माह्या बाजूले बसून चारदा बदलवाले लावला. मोठा कर, टोपी दिसू दे, मागं पिवळं टाक. शेवटी पिवळ्यावर काळा बिब्बा ठरला, अन् मी तो पानावर चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायक थेट बाकड्यावर. "आलं काय चित्र?"

चित्र आलेलं होतं. मी रातीच पाहिलं होतं, चांगलं ठसठशीत. पण मले आता सगळं ठाऊक झालं होतं. माह्या कम्प्युटरात मी ती फाइल परत उडवली होती अन् पान उघडलंच नव्हतं.

"नाई न नायक," मी म्हटलं. "गोळाच दिसून राह्यला. याले वेळ लागते. उद्या पाहू."

"उद्या पाहू," म्हणत तो बसला. चहा आला. लिंबू-मिरची कोणाच्या आरशाले बांधाची यावर आमची चर्चा झाली.

तवापासून तो रोज येते. रोज इचारते, "आलं काय?" रोज मी म्हणतो, "नाई आलं अजून." चहा पिते, हासते, मंग तराजू पाहाले रस्ता ओलांडून जाते. जाते तवा माह्या पोटात अजूनबी थोडं जळते, खोटं कायले बोलू. पण सकाळ माही हाये.

काल उज्ज्वला आली. खुशीले दवाखान्यात न्याचं होतं. "नाना, दुकानाकडं लक्ष द्याल काय? कम्प्युटरले पासवर्ड टाकून ठेवला हाये, म्हणजे तुम्हाले काही तरास नाई." हासत हासत गेली.

मी तिच्या दुकानात जाऊन बसलो. स्क्रीन बंद होता. तेवढ्यात बिजलीबाई आली, माह्याकडं पाहिलं अन् म्हणे, "काहो, पट्टीत तर तुम्ही आता पिवळ्यावर काळे दिसता. चांगलं हाये. कधीचेच आले तुम्ही तिथं, नायकानं पयल्याच दिवशी साऱ्यायले दाखवलं."

पयल्याच दिवशी!

आज सकाळी नायक आला, पटका सरकवला, बाकड्यावर बसला. तोंड एकदम गरीब.

"आलं काय रे नान्या चित्र?"

मी स्क्रीन जरा माह्याकडं वळवला.

"नाई न नायक. गोळाच हाये."

"मंग उद्या पाहू," तो म्हणे. "चहा सांग."